कॅमशाफ्ट, क्राऊन-पिनियन आणि कन्व्हर्टर : तिघांचा मेळ बसला तरच गाडी पळेल

मोटार दुरुस्तीच्या धंद्यात एक प्रसंग वारंवार येतो. गिऱ्हाईक एखादा महागडा पार्ट स्वतःच विकत घेऊन येतो आणि म्हणतो, "उस्ताद, एवढा बसवून द्या, गाडी उडाली पाहिजे." कारागीर तो पार्ट नीट बसवतो आणि मजुरी घेतो. आठ दिवसांनी गाडी परत दारात उभी राहते, ती पहिल्यापेक्षाही मंद झालेली असते. गिऱ्हाईक म्हणतो बसवण्यात चूक झाली, कारागीर म्हणतो पार्ट खराब आहे, दुकानदार म्हणतो माझा माल उत्तम आहे. खरे पाहता पार्टही चांगला असतो आणि बसवणेही चांगले असते. चुकलेली असते ती जुळणी. अशा वेळी कारागिराची मेहनत, दुकानदाराचे नाव आणि गिऱ्हाइकाचा पैसा, तिन्ही एकदम बुडतात.

जुळणीचा हा धडा शिकण्यासाठी अमेरिकेतील 'हॉट रॉड' गाड्यांसारखे दुसरे उदाहरण नाही. कोकणातील आपले अनेक कारागीर आखाती देशांतील गॅरेजमध्ये काम करतात आणि तेथे अमेरिकन बनावटीच्या आठ सिलिंडरच्या गाड्या हाताखाली येतात. त्यांना हा विषय थेट उपयोगाचा आहे. इतरांनीही हिशेबाची पद्धत समजून घ्यावी, कारण ती इंजिनाच्या कोणत्याही कामाला लागू पडते.

हॉट रॉड म्हणजे काय?

१९३२ साली फोर्ड कंपनीने सामान्य माणसाला परवडेल अशा किमतीत आठ सिलिंडरचे 'व्ही-८' इंजिन बाजारात आणले. कॅलिफोर्नियातील हौशी तरुण जुन्या गाड्यांचे मडगार्ड, बॉनेट काढून वजन कमी करीत, इंजिनात सुधारणा करीत आणि म्युरॉक, एल मिराज अशा कोरड्या तलावांच्या सपाट मैदानांवर शर्यती लावीत. १९३७ मध्ये तेथील क्लबांनी एकत्र येऊन संघटना स्थापन केली. १९४८ च्या जानेवारीत 'हॉट रॉड' याच नावाचे मासिक सुरू झाले. १९५५ साली शेव्हरोले कंपनीने आपले लहान आकाराचे व्ही-८ इंजिन काढले. त्याचाच ३५० घन इंचाचा, म्हणजे ५.७ लिटरचा प्रकार १९६७ पासून आला आणि हौशी कारागिरांचा सर्वांत आवडता ठरला. या लेखातील हिशेब त्याच इंजिनाचा आहे.

शर्यतीची गाडी आणि रस्त्यावरची गाडी यांत मात्र मोठा फरक आहे. शर्यतीची गाडी काही सेकंद पूर्ण जोराने धावते. रस्त्यावरची गाडी सिग्नलला थांबते, गर्दीत रांगते, घरच्या माणसांना घेऊन लांबच्या प्रवासाला जाते. म्हणून रस्त्यावरच्या हॉट रॉडमध्ये जुळणीचे काम अधिक नाजूक असते.

कॅमशाफ्ट : जोर कोठे मिळणार हे ठरवणारा

क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमशाफ्ट एक फेरा घेतो आणि व्हाल्व कधी उघडावा, किती उचलावा, कधी बंद व्हावा हे ठरवतो. व्हाल्व किती काळ उघडा राहतो हे क्रँकच्या अंशांत मोजतात. कॅटलॉगमध्ये हे माप दोन प्रकारे दिलेले असते. पैकी टॅपेट ०.०५० इंच, म्हणजे १.२७ मिलिमीटर उचलल्यापासूनचे मापच तुलनेसाठी धरावे. जाहिरातीतील मोठा आकडा प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने काढते, त्यामुळे दोन कंपन्यांचे ते आकडे शेजारी ठेवून उपयोग नसतो.

पिस्टन तळाला जाऊन वर येऊ लागला तरी इनटेक व्हाल्व थोडा वेळ उघडाच असतो. इंजिन जोरात फिरत असेल तर आत येणाऱ्या मिश्रणाला वेग असतो, ते पिस्टनच्या उलट्या चालीला न जुमानता आत शिरत राहते आणि सिलिंडर चांगला भरतो. पण इंजिन सावकाश फिरत असेल तर तेच मिश्रण पिस्टन परत मॅनिफोल्डमध्ये ढकलतो. शिवाय मोठ्या कॅममध्ये इनटेक आणि एक्झॉस्ट हे दोन्ही व्हाल्व एकाच वेळी उघडे राहण्याचा काळ वाढतो. त्यामुळे सावकाश चालीत जळालेला वायू ताज्या मिश्रणात मिसळतो आणि इंजिन स्लोला धडधडते.

यातून मुख्य मुद्दा निघतो तो असा की मोठा कॅम टॉर्क फारसा वाढवीत नाही, तो टॉर्क वरच्या फेऱ्यांकडे सरकवतो. अश्वशक्ती म्हणजे टॉर्क गुणिले फेरे भागिले ५२५२. ३०० पौंड-फूट टॉर्क ३००० फेऱ्यांना मिळाला तर १७१ अश्वशक्ती होते, तोच ५००० फेऱ्यांना मिळाला तर २८६. कॅटलॉगमधील मोठ्या आकड्याचे रहस्य एवढेच. त्या वरच्या जोराची किंमत खालच्या फेऱ्यांत मोजावी लागते.

३५० इंजिनासाठी साधारण अंदाज पुढीलप्रमाणे धरता येईल.

लहान कॅम, २०४ ते २१२ अंश : कामाचा पट्टा सुमारे १२०० ते ५००० फेरे.
मध्यम कॅम, २१८ ते २२६ अंश : सुमारे १८०० ते ५७०० फेरे.
मोठा कॅम, २३२ ते २४० अंश : सुमारे २५०० ते ६३०० फेरे.

इंजिन मोठे असेल तर तोच कॅम सौम्य वागतो, लहान असेल तर उग्र वागतो. म्हणून दुसऱ्याच्या गाडीत चांगला चालला एवढ्यावर कॅम निवडू नये.

क्राऊन-पिनियन : फेऱ्यांचा हिशेब

मागच्या एक्सलमधील क्राऊनचे दात भागिले पिनियनचे दात म्हणजे गुणोत्तर. ३७ आणि १२ दात असतील तर ३.०८, ४१ आणि ११ असतील तर ३.७३, ४१ आणि १० असतील तर ४.१०. आकडा जितका मोठा तितकी गाडी उभ्यातून लवकर उचलते, पण हायवेवर इंजिन तितके जास्त फिरते.

हायवेवरचे फेरे काढण्याचे सूत्र सोपे आहे. ताशी किलोमीटर गुणिले गुणोत्तर गुणिले ५३०, भागिले टायरचा व्यास सेंटिमीटरमध्ये. २६ इंची, म्हणजे ६६ सेंटिमीटर टायर आणि ताशी १०० किलोमीटर वेग धरू. टॉप गिअर सरळ असेल तर उत्तर असे येते :

३.०८ ला २४७३ फेरे.
३.७३ ला २९९५ फेरे.
४.१० ला ३२९२ फेरे.

टायरकडे दुर्लक्ष करू नये. २६ ऐवजी २८ इंची टायर घातला तर ३.७३ चा सेट ३.४६ सारखा वागू लागतो. टायरच्या बाजूवर लिहिलेल्या आकड्यापेक्षा खडूने खूण करून, गाडी एक फेरा पुढे ढकलून जमिनीवरचे अंतर मोजावे आणि त्याला ३.१४ ने भागावे. हेच खरे माप होय.

एक्सल न उघडताही गुणोत्तर काढता येते. गिअर न्यूट्रलला ठेवून, एका चाकाला अडण लावून आणि दुसरे उचलून ते चाक बरोबर दोन फेरे फिरवावे आणि प्रोपेलर शाफ्ट किती फेरे फिरतो ते मोजावे. साध्या डिफरन्शियलमध्ये तोच आकडा गुणोत्तर असतो. दोन्ही चाके एकत्र फिरवणारा डिफरन्शियल असेल तर दोन्ही चाके उचलावीत आणि चाकाच्या एकाच फेऱ्याचा हिशेब धरावा.

उभ्या गाडीतून निघताना पहिल्या गिअरचे गुणोत्तर आणि क्राऊनचे गुणोत्तर यांचा गुणाकार कामाला येतो. शेव्हरोलेच्या 'टर्बो ३५०' या तीन गिअरच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे गिअर २.५२, १.५२ आणि १ असे आहेत. ३.०८ च्या सेटबरोबर गुणाकार ७.७६ येतो, ३.७३ बरोबर ९.४०. रस्त्यावरच्या गाडीला दहाच्या आसपासचा गुणाकार बरा पडतो, असा या धंद्यातला ठोकताळा आहे.

टॉर्क कन्व्हर्टर : तेलावर चालणारा क्लच

ऑटोमॅटिक गाडीत क्लच प्लेट नसते. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये तेलाने भरलेला बंद डबा असतो. दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवून एक चालू केला तर त्याच्या हवेने दुसरा फिरू लागतो, तसेच काम येथे तेल करते. इंजिनाला जोडलेले पाते तेल फेकते आणि गिअरबॉक्सला जोडलेले पाते त्या तेलाने फिरते. मधले तिसरे पाते, म्हणजे स्टेटर, परत येणाऱ्या तेलाला योग्य दिशा देते. त्यामुळे गाडी उभी असताना इंजिनाचा टॉर्क सुमारे दुपटीने वाढून चाकाकडे जातो. हर्मन फ्योटिंगर या जर्मन अभियंत्याने जहाजांसाठी ही युक्ती शोधून १९०५ मध्ये पेटंट घेतले होते. आपल्याकडे जेसीबीच्या कामातील मेकॅनिकला हे यंत्र नवे नाही.

चाके अडवून एक्सिलेटर पूर्ण दाबला तर इंजिन एका आकड्यापर्यंत चढते आणि तेथेच थांबते. या आकड्याला स्टॉल म्हणतात. कंपनीच्या मूळ कन्व्हर्टरचा स्टॉल साधारण १६०० ते १८०० फेरे असतो. व्यास कमी केला आणि पात्यांचा कोन बदलला की तो वाढतो.

बरेच कारागीर येथे फसतात. डब्यावर लिहिलेला स्टॉल कायमचा नसतो. तो इंजिनाच्या टॉर्कच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो. एका इंजिनामागे २५०० ला अडणारा कन्व्हर्टर वीस टक्के कमी टॉर्कच्या इंजिनामागे सुमारे २२४० लाच अडेल. म्हणून कन्व्हर्टर मागवताना नुसता "अडीच हजारचा द्या" असे सांगू नये. इंजिन, कॅम, गाडीचे वजन, गिअरबॉक्स, क्राऊन आणि टायर या सहा गोष्टी लिहून द्याव्यात. चांगला विक्रेता त्या विचारतोच. विचारत नसेल तर दुकान बदलावे.

चुकलेल्या जुळणीचे उदाहरण

समजा, १९७० च्या सुमाराची दीड टनी शेव्हरोले कॅमारो आहे. ३५० इंजिन, टर्बो ३५० गिअरबॉक्स, ३.०८ चा क्राऊन, २६ इंची टायर आणि मूळचा १७०० स्टॉलचा कन्व्हर्टर. मालकाने २३६ अंशांचा कॅम आणला आणि तेवढाच बसवून घेतला.

पहिली गोष्ट, खालच्या फेऱ्यांतला टॉर्क घटला. तो वीस टक्के घटला असे धरले तर १७०० चा स्टॉल आपोआप १५२० वर उतरला. म्हणजे ज्या इंजिनाला जास्त फेरे हवेत त्याला कन्व्हर्टर आता पूर्वीपेक्षाही खाली अडवून धरतो. कॅमचा पट्टा २५०० ला सुरू होतो. पहिल्या गिअरमध्ये ३.०८ च्या सेटवर २५०० फेरे म्हणजे ताशी ४० किलोमीटर. शहरात गाडीचा बराच वेळ याच वेगाच्या खाली जातो, म्हणजे मालकाने ज्यासाठी पैसे मोजले ते त्याला बहुतेक वेळा मिळतच नाही. सिग्नलवरून शेजारची साधी गाडी पुढे निघून जाते.

दुसरी गोष्ट, ताशी १०० वर इंजिन २४७३ फेऱ्यांवर आहे. लांबच्या प्रवासातही ते पट्ट्याच्या उंबरठ्याबाहेरच. गाडी हिसके देते आणि पेट्रोल जास्त पिते.

तिसरी गोष्ट सर्वांत गंभीर आहे. धडधडणारे इंजिन बंद पडू नये म्हणून स्लो ९०० ते १००० फेऱ्यांवर ठेवावा लागतो. घट्ट कन्व्हर्टरमुळे गाडी गिअरमध्ये टाकताच पुढे रेटते. ब्रेक बूस्टर इंजिनाच्या व्हॅक्यूमवर चालतो. मूळ इंजिनात स्लोला १८ इंचांच्या आसपास मिळणारे व्हॅक्यूम मोठ्या कॅममुळे १० ते १२ वर येते. म्हणजे गाडी जास्त रेटते आणि ब्रेकला मदत कमी मिळते. गर्दीच्या रस्त्यावर समोर एखादे लेकरू आले तर काय होईल याचा विचार कारागिराने करावा. हा नुसता पिकअपचा प्रश्न राहत नाही.

काही जण यावर फक्त कन्व्हर्टर बदलतात, ३००० स्टॉलचा लावतात आणि क्राऊन तसाच ठेवतात. सिग्नलवर गाडी सुधारते. पण हायवेवर इंजिन २४७३ वर आणि कन्व्हर्टर ३००० चा. पाय हलका असेल तर तो पूर्ण घसरत नाही हे खरे, पण चढ आला किंवा समोरची गाडी ओलांडायची वेळ आली की घसरतो. घसरणे म्हणजे उष्णता. गाडी चालवायला २० अश्वशक्ती लागत असेल आणि कन्व्हर्टर दहा टक्के घसरत असेल तर सुमारे दीड किलोवॅट उष्णता गिअरबॉक्सच्या तेलात सतत जाते. एखादी विजेची शेगडी तेलात बुडवून ठेवावी तसा हा प्रकार. तेल काळे पडते, सील कडक होतात, क्लच प्लेटा जळतात. आखाती उन्हाळ्यात बाहेरच ४५ अंश असताना हे नुकसान फार लवकर होते.

गिअर बदलताना मात्र त्रास नसतो, हेही ध्यानात घ्यावे. टर्बो ३५० मध्ये ५५०० ला पहिल्यावरून दुसरा पडला तर इंजिन ३३०० च्या आसपास येते आणि दुसऱ्यावरून तिसरा पडला तर ३६०० च्या आसपास. मोठ्या कॅमच्या पट्ट्यातच ते राहते. अडचण असते ती उभ्यातून निघताना आणि सावकाश चालताना. तेथेच कन्व्हर्टर आणि क्राऊन यांची मदत लागते.

जुळणीचे तीन मार्ग

पहिला मार्ग : रोजच्या वापराची गाडी. क्राऊन ३.०८, मूळ कन्व्हर्टर आणि २०४ ते २१२ अंशांचा लहान कॅम. ताशी १०० वर २४७३ फेरे पट्ट्याच्या मध्यावर येतात. खर्च सर्वांत कमी आणि तक्रारही सर्वांत कमी.

दुसरा मार्ग : हौस आणि वापर दोन्ही. कॅम २२० ते २२४ अंशांचा, पट्टा १८०० ते १९०० पासून. कन्व्हर्टर २३०० ते २४०० स्टॉलचा. क्राऊन ३.७३. हायवेवर २९९५ फेरे, म्हणजे स्टॉलच्या बऱ्यापैकी वर, त्यामुळे घसरण कमी. आवाज आणि पेट्रोल थोडे वाढेल हे गिऱ्हाइकाला आधी सांगावे.

तिसरा मार्ग : ओव्हरड्राइव्ह. १९८२ पासून आलेल्या '७००-आर-४' गिअरबॉक्सचा पहिला गिअर ३.०६ आणि चौथा ०.७० आहे. त्याच्याबरोबर ३.०८ चा क्राऊन लावला तरी निघतानाचा गुणाकार ९.४२ येतो, म्हणजे जुन्या गिअरबॉक्सला ३.७३ लावल्यासारखाच. पण चौथ्या गिअरमध्ये ताशी १०० वर इंजिन फक्त १७३० फेऱ्यांवर येते, तेथे मध्यम कॅमही गुदमरतो. क्राऊन ३.७३ केला तर चौथ्यात सुमारे २१०० फेरे मिळतात आणि २१८ अंशांचा कॅम चांगला जमतो. या गिअरबॉक्समध्ये कन्व्हर्टर कुलूपबंद करणारा क्लच असतो, त्यामुळे एका वेगानंतर घसरण राहतच नाही. मात्र कार्बोरेटरपासून गिअरबॉक्सपर्यंत जाणारी प्रेशरची केबल अचूक लावावी लागते. ती सैल राहिली तर नवा गिअरबॉक्स थोड्याच दिवसांत जळतो.

आणि २३६ अंशांचा कॅम हवाच असेल तर? मग ३००० स्टॉल आणि ४.१० चा क्राऊन दोन्ही हवेत. हायवेवर ३२९२ फेरे सोसावे लागतील आणि ब्रेकसाठी वेगळा व्हॅक्यूम पंप किंवा दुसरी सोय करावी लागेल. सुटीच्या दिवशी शर्यतीच्या पट्टीवर नेण्याची गाडी म्हणून ते ठीक आहे. रोज कामावर जायला नाही.

निवडीचा क्रम

बहुतेक लोक कॅमपासून सुरुवात करतात, कारण त्याचा आवाज मोहक असतो. क्रम उलटा हवा. आधी वापर विचारावा. मग वजन आणि टायर. मग हायवेवर किती फेरे सहन होतील ते ठरवून क्राऊन. त्या फेऱ्यांच्या बऱ्याच खाली ज्याचा पट्टा सुरू होतो असा कॅम. आणि शेवटी कन्व्हर्टर, ज्याचा स्टॉल कॅमच्या पट्ट्याच्या सुरुवातीपेक्षा ३०० ते ५०० फेरे वर पण हायवेच्या फेऱ्यांच्या खाली असेल. थोडक्यात, चाकाकडून इंजिनाकडे यावे. दोन कॅममध्ये शंका पडली तर लहान घ्यावा. लहान कॅमची गाडी थोडी कमी पळेल, पण मोठ्या कॅमची गाडी रोज त्रास देईल.

कामातील खबरदारी

१) साधा टॅपेट असलेला नवा कॅम जुन्या टॅपेटवर कधीही चालवू नये. टॅपेट नवेच हवेत आणि स्प्रिंग कॅमला साजेशा हव्यात.

२) इंजिन प्रथम सुरू झाल्यावर स्लोला सोडू नये. २००० ते २५०० फेऱ्यांवर वीस ते तीस मिनिटे चालवावे आणि तेल जस्ताचे प्रमाण चांगले असलेले घालावे. येथे आळस केला तर पहिल्याच दिवशी कॅम खाल्ला जातो.

३) पिस्टन आणि व्हाल्व यांतील अंतर मातीचा गोळा ठेवून तपासावे. इनटेकला किमान २ मिलिमीटर आणि एक्झॉस्टला अडीच मिलिमीटर असावे.

४) टायमिंगच्या खुणांवर पूर्ण विसंबू नये. अंशांची चकती लावून कॅम खरोखर कोठे बसला ते पाहावे. चार अंश पुढे बसवल्यास पट्टा थोडा खाली सरकतो.

५) कन्व्हर्टर आधी गिअरबॉक्समध्ये पूर्ण आत बसवावा आणि मगच गिअरबॉक्स इंजिनाला जोडावा. तो अर्धवट बसला असताना बोल्ट आवळले तर तेलाचा पंप फुटतो.

६) मोठ्या स्टॉलबरोबर तेलाचा वेगळा कूलर हवाच.

७) स्टॉलची चाचणी पाच सेकंदांपेक्षा जास्त करू नये, कारण त्या वेळी इंजिनाची सारी ताकद तेल तापवण्यात जाते. नंतर न्यूट्रलला ठेवून तेल निवू द्यावे. चाचणीच्या वेळी गाडीसमोर कोणी उभे राहू नये.

८) क्राऊन बदलल्यावर स्पीडोमीटर चुकतो. त्याचा छोटा गिअरही बदलावा.

कायद्याची बाजूही सांगितली पाहिजे. कॅलिफोर्नियात १९७५ आणि त्यापूर्वीच्या मॉडेलच्या गाड्यांना धुराच्या नियमित तपासणीतून सूट आहे. त्यानंतरच्या पेट्रोल गाड्यांत मान्यता नसलेला कॅम बसवणे अडचणीचे ठरते. आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम नोंदणी झालेल्या गाडीत मनाप्रमाणे फेरफार करू देत नाही. म्हणून हिशेबाची पद्धत जरूर शिकावी, पण गिऱ्हाइकाच्या आग्रहाखातर नियमाबाहेरचे काम अंगावर घेऊ नये.

गिऱ्हाइकाशी बोलताना

शेवटी पुन्हा त्या पहिल्या प्रसंगाकडे येऊ. गिऱ्हाईक कॅम हातात घेऊन दारात उभा आहे. त्याला नाही म्हटले तर तो शेजारच्या गॅरेजमध्ये जाईल ही भीती खरी आहे. पण कागद पुढे ओढून दोन मिनिटांत टायर, क्राऊन आणि फेरे यांचा हिशेब त्याच्यासमोर मांडला तर बहुतेक माणसे ऐकतात. "या कॅमला हा क्राऊन आणि हा कन्व्हर्टर लागेल. एवढा खर्च जमत नसेल तर लहान कॅम घ्या, दुकानदार बदलून देईल," असे स्पष्ट सांगावे. दुकानदारानेही न वापरलेला माल बदलून द्यायला मागेपुढे पाहू नये. एक कॅम आज कमी विकला गेला तरी तोच गिऱ्हाईक उद्या तिन्ही वस्तू मागायला येईल.

तरीही तो हट्ट धरील तर ब्रेकचा धोका त्याला लेखी द्यावा. आणि ब्रेकची सोय तो करत नसेल तर काम नाकारावे. बुडालेली मजुरी पुढच्या महिन्यात भरून निघते. आपल्या हातून गेलेल्या गाडीने कोणाला इजा केली तर ते कशानेही भरून निघत नाही.

हत्यारे सगळ्यांच्याच पेटीत असतात. काम हाती घेण्याआधी पेन्सिल उचलणारा कारागीर मात्र विरळा. ज्या शागीर्दाला हा हिशेब लहानपणीच समजला तो पुढे स्वतःचे गॅरेज टाकील तेव्हा त्याच्या दारातून गाडी तक्रार घेऊन परत येणार नाही.